पुढच्या गाडीचं तिकीट

आमच्या वाडीत एकही घड्याळ खरं बोलत नाही, आणि त्याला गुणाजीकाका जबाबदार आहेत.

काका ज्या घरात शिरतात त्या घरातलं घड्याळ पुढे करून ठेवतात. विचारत नाहीत, सांगतही नाहीत. यंदा काजूला मोहोर कसा आला याची चर्चा करता करता स्टुलावर चढतात, घड्याळ उतरवतात, मागची कळ फिरवतात, शर्टाच्या टोकाने काच पुसतात आणि परत खिळ्याला अडकवतात. कुणाचं किती पुढे करायचं हे त्यांनी ज्याची त्याची लायकी बघून ठरवलेलं आहे. नाक्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातलं दहा मिनिटं. देवळातलं थोडं जास्त, कारण भटजी आणखी दोन गावच्या पूजा आटोपून येतात. आमच्या आईचं चांगला अर्धा तास. आईला हा अपमान वाटतो, पण ती घड्याळ मागे करत नाही. बघते, मनातल्या मनात वजाबाकी करते आणि आपल्या कामाला लागते. गावातले सगळेच तसं करतात. फसतो तो बाहेरून आलेला पाहुणा. माझा पुण्याचा एक मित्र आमच्याकडे राहून परत निघाला आणि भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास ठेवून थिवीच्या स्टेशनवर कितीतरी वेळ डास मारत बसला. अजून त्याच्या बायकोला वाटतं की मी त्याला घरातून हाकललं.

काका म्हापशाच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांना वेळ द्यायची, उशीर करणाऱ्यांना झाडायचं, हे त्यांचं काम. लहानपणी मी शुक्रवारच्या बाजाराला आईबरोबर म्हापशाला जायचो. मिरच्यांच्या आणि सुक्या मासळीच्या पिशव्यांवर मला राखण बसवून आई आणखी काहीतरी घ्यायला पळायची. स्टँडवर ही गर्दी, आई दिसेनाशी झालेली, रडू घशापर्यंत आलेलं, आणि तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून काकांचा आवाज यायचा. "पेडणे, पत्रादेवी, बांदा. गाडी लागली. गाडी लागली." तो आवाज ऐकला की माझं रडू मागे फिरायचं. एवढी माणसं ज्या आवाजावर धावतात तो माणूस आमच्या शेजारी राहतो, आमच्या विहिरीचं पाणी पितो, याचा मला केवढा अभिमान होता. आज त्या स्टँडवर उभा राहिलो की अजूनही मी कर्णा शोधतो. काय पुकारतात ते हल्ली मला कळत नाही. आवाज वेगळा आहे एवढंच कळतं.

नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी काकांच्या बोलण्यातली बस गेलेली नाही. जेवण वाढलं की गाडी लागली. लग्न जमलं की सीट रिझर्व्ह. कुणी वारलं की काका डोक्यावरची टोपी काढतात आणि हळू म्हणतात, "गाडी सुटली मरे त्याची." माणसं त्यांना नावाने लक्षात राहत नाहीत, रूटने राहतात. माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचं माहेर डिचोलीला होतं. बाईंना ते आजतागायत 'वाया डिचोली' म्हणतात.

मध्यंतरी त्यांनी नवा मोबाइल घेतला तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. फोनमधलं घड्याळ त्यांचं ऐकेना. त्याला कळच नव्हती. काका तो फोन घेऊन माझ्याकडे आले, आजारी मांजर दाखवायला आणावं तसा दोन्ही हातांत धरून. मी माझाच फोन उघडला आणि वेळ आपोआप लागते ती कुठून बंद करायची, मग हाताने आकडे कसे फिरवायचे, ते त्यांना दाखवलं. काकांनी मान हलवली. तेवढ्यात आईने चहाला हाक मारली म्हणून मी आत गेलो. बाहेर आलो तर काकांनी माझा फोन जागेवर ठेवला होता आणि ते खुशीत स्वतःच्या फोनवर बोटं फिरवत होते. म्हातारा माणूस पटकन शिकला याचं मला कौतुक वाटलं.

मी पुण्याला नोकरी करायचो, आणि अजूनही त्याच नोकरीत आहे. आई अंगणात घसरून पडली, तिच्या कमरेचं हाड मोडलं, आणि मी रजा घेऊन आलो तो परत जायचं मन होईना. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, घरून काम करा, पण व्हीपीएन चाललं पाहिजे.

हे व्हीपीएन म्हणजे काय, असं काकांनी विचारलं. ओसरीतल्या सोप्यावर पाय सोडून बसले होते, आणि समजल्याशिवाय उठणार नव्हते. मी सांगितलं की माझ्या लॅपटॉपपासून पुण्याच्या ऑफिसपर्यंत इंटरनेटमधून एक बंद रस्ता तयार होतो. मध्ये कुणाला आत शिरता येत नाही, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. आणि त्यात शिरायला पासवर्ड लागतो, शिवाय माझ्या फोनवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा एक सहा आकडी कोड लागतो.

"म्हणजे शटल," काका म्हणाले. "मदीं थांबना, मदीं कोणाक घेना. तिकीट खिडकेर काडून मगीर चडप."

म्हापसा-पणजी शटलला तिकीट आधी खिडकीवर घ्यावं लागतं, कंडक्टर नसतो. आमच्या कंपनीने व्हीपीएन समजावायला तासभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. त्यात मला झोप लागली होती. काकांची शटल मात्र मला पटली, आणि नंतर आम्ही दोघं तोच शब्द वापरू लागलो.

शटल थोडे दिवस झकास चालली. मग एका सकाळी ती सुटेना. युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, कोड टाकला, ते गोल गोल फिरलं आणि लाल अक्षरांत उत्तर आलं की तुमची ओळख पटत नाही. परत केलं. परत तेच. बाकी इंटरनेट धडधाकट. आई आपल्या फोनवर कीर्तन ऐकत होती. व्हीपीएन तेवढं मला ओळखायला तयार नव्हतं. ज्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवली तिने तोंडावर 'आपण कोण' विचारावं, याचा मला खरंच राग आला.

ऑफिसच्या मदतकक्षात स्नेहल नावाची मुलगी होती. तिने मला लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. राउटर बंद करून चालू करायला लावला. व्हीपीएनचा प्रोग्राम काढून परत टाकायला लावला. पासवर्ड बदलून दिला, तोही चालेना. काही म्हणता काही होईना. स्नेहल रोज गोड आवाजात नवीन उपाय सांगायची आणि मी रोज हरायचो.

काका हजर असायचेच. सकाळी मी लॅपटॉप उघडला की ते सोप्यावर येऊन बसायचे, फाटक उघडल्याचा आवाजही न करता. फोन स्पीकरवर असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मध्ये तोंड घालून स्नेहलला तिचं गाव विचारलं. ती म्हणाली, गडहिंग्लज. काकांचा चेहरा फुलला. गडहिंग्लजची गाडी आंबोलीवरून कशी यायची, धुक्यात ड्रायव्हर दिवे लावून कसा बसायचा, हे सगळं त्यांनी तिला ऐकवलं. पुढे मदतकक्षाला फोन लावताना मी नंबर फिरवत असलो की काका विचारायचे, "गडहिंग्लज लागली?"

त्यांचे स्वतःचे उपायही चालू होते. लॅपटॉप पूर्वेकडे तोंड करून ठेवून झाला. राउटर तुळशीजवळ नेऊन झाला. देवळामागच्या टेकडीवर मोबाइलची रेंज चांगली मिळते, म्हणून एकदा आम्ही दोघं भर उन्हात तिथे गेलो. मी दगडावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि काका स्क्रीनवर छत्री धरून उभे राहिले. तिथेही लाल अक्षरं आली. मला आश्चर्य वाटलं नाही, घाम तेवढा आला.

साहेबांचा धीर सुटत चालला होता. एका संध्याकाळी त्यांनी फोन करून नीट शब्दांत सांगितलं की महिनाअखेरपर्यंत व्हीपीएन लागलं तर ठीक, नाहीतर पुण्याला येऊन बसा. त्यात त्यांची चूक नव्हती. पण मी गेलो असतो तर आई एकटी राहू शकली नसती, आणि आईला नेलं असतं तर घराला कुलूप लागलं असतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती पूर्वी काही दिवस राहून गेली होती. ज्या घराला मागचं दार नाही ते घर कसलं, असं तिथून आल्यावर ती म्हणाली होती. आता ती गपचूप कोंबड्या कुणाला द्यायच्या याची चौकशी करू लागली, आणि ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

हे काकांना आईकडूनच समजलं. आमच्या वाडीत पाचसहा घरं आहेत, त्यातली उघडी दोन, आमचं आणि त्यांचं. बाकीचे लोक मुंबईला, पर्वरीला, आखातात. चतुर्थीला येतात, दारं उघडतात, पाच दिवस गलका करतात आणि जाताना काकांच्या हातात किल्ली देऊन जातात. काकांच्या घरात खिळ्याला किल्ल्यांचा घडच लोंबतो. काकांना मूलबाळ नाही. इंदूकाकी जाऊन काही वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीच्या आवाजाने मी बाहेर आलो. काका त्यांच्या मानकुराद आंब्यावर चढले होते. इंटरनेटची वायर त्या आंब्याच्या एका फांदीला घासून आमच्याकडे येते. ती फांदी, दंडाएवढी जाड, कैऱ्यांनी लगडलेली, त्यांनी कापून खाली पाडली. या झाडाच्या आंब्याला ते पाहुण्यालासुद्धा हात लावू देत नसत. खाली उतरले, अंगावरच्या मुंग्या झटकल्या आणि म्हणाले, "आतां लाय पळोवया."

मी लावून बघितलं. लागलं नाही. वायरीचा प्रश्नच नव्हता, हे मला आधीच माहीत होतं. पण त्यांना झाडावर बघून तसं सांगायचं तोंड माझ्यापाशी नव्हतं. त्या कैऱ्यांचं आईने लोणचं घातलं.

महिना संपत आला. त्या सकाळी स्नेहलचा आवाजही थकलेला होता. सगळं तपासून झालं होतं. मग ती सहज म्हणाली, "सर, तुमच्या फोनमध्ये आत्ता किती वाजलेत?"

मी सांगितलं.

"माझ्याकडे पाच मिनिटं कमी आहेत."

मी सवयीने म्हणालो की आमच्या वाडीत असंच असतं, घड्याळं पुढेच असतात. ती म्हणाली, "भिंतीवरचं नाही सर, मोबाइल."

मी फोनकडे बघितलं. मग लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. इतक्या दिवसांत मी त्या कोपऱ्याकडे वेळ म्हणून बघितलंच नव्हतं. हल्ली मीटिंगच्या फोनला तू सगळ्यांच्या आधी हजर असतोस, असं साहेब एकदा म्हणाले होते. मी तेही कौतुक म्हणून खिशात टाकलं होतं. शटल बंद पडली त्याच्या आदल्याच दिवशी मी काकांच्या हातात माझा फोन सोडून चहाला आत गेलो होतो. शिकलेला माणूस, याला पाच मिनिटं पुरेत, असा हिशेब काकांनी माझ्यापुरता केला असणार.

स्नेहल समजावून सांगत होती. फोनवरचा कोड वेळेवरून तयार होतो. फोन पुढे असेल तर तो जी वेळ अजून आलेलीच नाही तिचा कोड दाखवणार, आणि ऑफिसचं मशीन तो घेणार नाही. वेळ आपोआप लागेल असं करा. मी केलं. नवा कोड टाकला. गोल फिरलं, हिरवं झालं. लागलं.

मागे काका उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तो फुडल्या गाडयेचें तिकीट घेवन ह्या गाडयेंत चडटालो," ते सावकाश म्हणाले. स्नेहल पलीकडून हसली. बरोबर आजोबा, म्हणाली. काका हसले नाहीत. गाडी लागली असंही म्हणाले नाहीत. चपला घातल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. शटल धावत होती, साहेब खूश होते, आईने कोंबड्यांची चौकशी थांबवली होती, आणि सोप्यावरची ती जागा मात्र रिकामी. मला त्या रिकाम्या जागेसमोर काम सुचेना. आईने फणसाची सांदणं केली होती. वाटीत दोन घालून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जा.

काका घरात स्टुलावर उभे होते. त्यांच्या घरात खोलीगणिक घड्याळ आहे. बाहेरच्या खोलीतलं त्यांनी खरं करून ठेवलं होतं, स्वयंपाकघरातलंही. आता माजघरातलं उतरवत होते. हातात मोबाइल धरून त्यात बघत होते आणि कळ मागे फिरवत होते. त्यांना असं घड्याळ मागे फिरवताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मला ते बघवेना.

मी म्हणालो की फोनचं झालं ते झालं, भिंतीवरच्या घड्याळांनी माझं काही बिघडत नाही, ती राहू द्या.

"हांव तुका वाडयेंतल्यान भायर काडटालों मरे," काका म्हणाले. "म्हज्याच हातान. आंब्याक उगीच मारलें."

मग खाली उतरून बसले. सांदणाचा तुकडा मोडला, पण हातातच धरला. बोलायला लागले ते काकीबद्दल. अख्ख्या पेडण्या-डिचोलीच्या गाड्या मी वेळेवर सोडायचो, म्हणाले, आणि माझ्या घरची बाई कधी गाडी पकडेना. जत्रेला जायचं असो, लग्नाला असो, ही आत साडी नेसतेच आहे. म्हणून लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी गुपचूप घड्याळ पुढे केलं. काकी वेळेवर तयार होऊ लागली. काकांना वाटलं, आपण जिंकलो. तीच युक्ती मग त्यांनी वाडीभर वापरली. आणि शेवटच्या आजारात, म्हापशाच्या इस्पितळात, काकीने हसत हसत सांगितलं की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती वजाबाकी करायची, आणि तुमचं मन राहावं म्हणून जरा घाईही करायची.

मी विचारलं, मग ती गेल्यावर घड्याळं तशीच का ठेवली?

काका दुसऱ्या हाताने मांडीवरच्या घड्याळाची काच पुसू लागले.

"घड्याळ पळयतां, वेळ जालो दिसता," ते म्हणाले. "मगीर याद येता, ना, अजून वेळ आसा. तितलो वेळ माका दिसता, ती भितर कापड नेसता."

घड्याळ आणि खरी वेळ यांच्यामधल्या तेवढ्या मिनिटांत काकी अजून आत साडी नेसत असायची. मी त्यांच्या हातातला सांदणाचा तुकडा काढून वाटीत ठेवला, कारण त्याचा चुरा होत होता.

"आतां घाई करपाक सांगूं कोणाक," काका म्हणाले, आणि परत स्टुलावर चढले. संध्याकाळी येऊन आमच्या बाहेरच्या खोलीतलं घड्याळही त्यांनी खरं करून ठेवलं.

त्या शुक्रवारी रजा टाकून मला म्हापशाला जायचं होतं. पावसाळ्याची बेगमी करायची होती, मिरच्या, चिंच, सुकी मासळी. मी काकांना बरोबर चला म्हणालो. ते आले, अगदी खऱ्या वेळेला आले, आणि फाटकापाशी पिशवी घेऊन गप्प उभे राहिले. पूर्वी ते फाटकातूनच ओरडायला सुरुवात करायचे.

मी तयार होतो. बूटसुद्धा घातले होते. त्यांना असं गप्प उभं बघितलं आणि मी बूट काढून आत गेलो. उगाच शर्ट बदलला. चष्मा खिशात असताना चष्मा शोधला. आई माझ्याकडे बघत होती. बाहेर काका एकदा खाकरले. मग फाटक वाजलं. मग अंगणातून आवाज आला, थेट स्टँडवरचा, भिंतीला हादरा बसेल असा.

"नित्या, गाडी लागली मरे! गाडी लागली!"

मी आणखी एकदा केस विंचरले. आम्ही नाक्यावर पोहोचलो तेव्हा बस वळणावरून जाताना दिसत होती. माझ्या आठवणीत पहिल्यांदा गुणाजीकाकांची गाडी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत त्यांनी मला असं झाडलं की नाक्यावरचा चहावाला ऐकायला बाहेर येऊन उभा राहिला. माझ्या पिढीला वेळेची किंमत नाही. माझ्या बापाचंही असंच होतं. बसमध्ये बसल्यावरही ते थांबले नाहीत, म्हापसा येईपर्यंत माझा पाणउतारा चालू होता. इतक्या मजेत मी कुणाच्या शिव्या कधी खाल्लेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या शनिवारच्या मीटिंगसाठी उठलो. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ बघून दचकलो, धावत लॅपटॉपपाशी गेलो आणि मग थांबलो. काच स्वच्छ पुसलेली होती. खाली स्टूल तिरकं पडलेलं होतं. फोन रात्रभर तिथेच चार्जिंगला होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मी भिंतीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, वजाबाकी केली. माझ्या वाट्याची पाच मिनिटं त्यांनी वाढवून चांगला अर्धा तास केली होती.

आई आतून विचारत होती की चहा ओतू की उशीर झालाय.

ओत, मी म्हणालो, सावकाश ओत. अजून वेळ आहे.